परदेशी चांदीचं नाणं: आधी बिल, मग नाणं

इंदूरच्या तुकोजीराव क्लॉथ मार्केटात मी बावीस वर्षं हिशेब लिहितोय, त्यामुळे माझ्या नाण्यांच्या डब्यात नाण्यांइतकीच बिलं आहेत. पोरं हसतात. हसू देत.

नवीन माणसानं सुरुवात देशी नाण्यांनी करावी. सरकारी टांकसाळीची स्मारक नाणी नोंदणी करून घरपोच येतात, कस्टमची भानगड नाही. फक्त वजनाला भुलू नका. 1969 चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं 15 ग्रॅमचं, पण त्यात चांदी 80 टक्के. नव्या संसद भवनाचं 2023 चं 75 रुपयांचं नाणं 35 ग्रॅमचं, त्यात चांदी निम्मीच. बाकी तांबं, निकेल, जस्त. 31 मे 2025 ला अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचं 300 रुपयांचं नाणं निघालं, तेव्हा उभ्या जन्मात नाणं न जमवलेले शेजारीही विचारायला आले.

बाहेरची नाणी बहुतेक एका ट्रॉय औंसाची, म्हणजे 31.1 ग्रॅमची. अमेरिकेचं ईगल 1986 पासून, कॅनडाचं मेपल लीफ 1988 पासून. ब्रिटनचं ब्रिटानिया नाणं घेताना साल बघा: 2012 पर्यंतच्या नाण्यांत चांदी 95.8 टक्के, 2013 पासूनच्यांत 99.9.

आता माझी फजिती. पहिलं ईगल मागवलं तेव्हा विकणाऱ्यानं प्रेमानं पाकिटावर लिहिलं, 'भेटवस्तू, किंमत 10 डॉलर'. पाकीट कस्टममध्ये अडकलं. चांदीचा भाव रोज पेपरात छापून येतो; एक औंस चांदी दहा डॉलरला कोण देईल? मी बिल, कार्डाचं स्टेटमेंट, ओळखपत्र पाठवलं आणि महिनाभर वाट बघत बसलो. शिवाय 'भेट' लिहून कर वाचतो हा समजच जुना. डिसेंबर 2019 पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून भेट म्हणून करमाफी मिळत नाही. तेव्हापासून ऑर्डर देतानाच विकणाऱ्याला लिहितो: खरी किंमत, 'चांदीचं नाणं, 7118' (हा कस्टमच्या यादीतला नाण्यांचा क्रमांक), बिल पाकिटाच्या बाहेर चिकटवा. आणि विमा उतरवल्याशिवाय साध्या पाकिटातून नाणं मागवू नका.

कर नुसत्या नाण्याच्या किमतीवर नाही, वाहतूक आणि विमा धरून लागतो. समजा नाणं 6,000 रुपयांचं, टपाल 2,000, म्हणजे हिशेब 8,000 वर. 24 जुलै 2024 ला मौल्यवान धातूच्या नाण्यांवरचं आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं. तो दर धरला तर 480. मग 8,480 वर 3 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, 254. एकूण 734, वर कुरिअरचं हाताळणी शुल्क. पाकीट 'वैयक्तिक वापराची वस्तू' म्हणून कस्टमच्या 9804 या वेगळ्या क्रमांकाखाली गेलं तर आकडा निराळा निघतो. म्हणून मागवायच्या दिवशी दोन गोष्टी बघा: त्या दिवसाचा दर, आणि नाण्याची आयात मुक्त आहे की निर्बंधित, म्हणजे परवाना लागणारी. टपाल महाग वाटतं म्हणून एका पाकिटात दोन-तीन नाणी मागवणं परवडतं.

'भाचा येतोय, खिशात टाकून आणेल' हा बेतही सोडा. प्रवाशाला सामानावर जी करमाफी असते, तिच्यात दागिने सोडून कुठल्याही रूपातली चांदी बसत नाही. भाच्याला विमानतळावर लाल मार्गिकेनं, म्हणजे सामान जाहीर करायच्या रांगेनं, जायला सांगा, बिल त्याच्याकडे द्या.

उलट बाजूची सूचना एकच: परदेशातला कोणी अदलाबदलीत आजोबांचा होळकरी रुपया मागेल. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते बाहेर पाठवायचं नाही.

पाकीट आलं की उघडतानाचा फोटो काढा, कडेनं धरून वजन करा, चुंबक लावून बघा. रबर बँड कधीच नको. आमच्या आईनं मायेनं दोन नाणी बांधून ठेवली, रबरातल्या गंधकानं मधोमध काळा पट्टा उमटला तो आजही तसाच आहे. पीव्हीसीचे मऊ पाऊचही टाळा, त्यानं हिरवट चिकटा येतो. कडक गोल कॅप्सूल घ्या. आणि घासून चमकवू नका, घासलेल्या नाण्याचा भाव पडतो.

खरं-खोटं बघायला सराफ्यात नेलंत तर कसोटीचा दगड लांब ठेवायला सांगा. माझ्या एका मेपल लीफच्या कडेला दगडावर घासल्याची रेघ आहे. सराफ्यात आता मी रात्रीच जातो, दुकानं मिटून खाऊगल्ली भरते तेव्हा, भुट्ट्याचा कीस खायला.