खोबऱ्याच्या वाट्या, गुडघ्यातला धातू आणि तीन ट्रे: विमानतळावरच्या तपासणीची घरून करायची तयारी

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला नोव्हेंबर 2022 मध्ये आम्ही दोघं न्यू जर्सीतल्या एडिसनला निघालो, तेव्हा माझ्या मोठ्या बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या अकरा वाट्या होत्या. साताऱ्याहून एकेक वाजवून, निवडून घेतलेल्या आणि गच्चीवर दोन दिवस ऊन दाखवलेल्या. डिंक, खारीक, खोबरं सगळं सुटं न्यायचं आणि लाडू तिथे ताजे वळायचे, असा बेत होता. बॅगा काउंटरवरून आत गेल्या आणि अर्ध्या तासाने माझ्या नावाचा पुकारा झाला. एका कर्मचाऱ्याने मला बॅगेपाशी नेलं आणि कुलूप उघडायला सांगितलं. वाट्या सगळ्यात खाली, साड्यांच्या घड्यांत होत्या. त्या काढायला सगळी बॅग उपसावी लागली. घडी घातलेली बाळाची दुपटी तिथल्या स्टीलच्या टेबलावर पसरली. रात्रीचा एक वाजला होता आणि मला रडू आवरेना.

त्या माणसाने कारण नीट सांगितलं. ते आधी कोणी सांगितलं असतं, तर मी वाट्या घेतल्याच नसत्या. म्हणून पहिली सूचना हीच: सुकं खोबरं विमानात नेऊ नका. हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही. त्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं. बंद जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या यादीत आहे. कापराचंही तसंच. पूजेच्या डब्यातली कापराची डबी आणि काडेपेटी आदल्या रात्री बाहेर काढा, कारण हा डबा आपण कधी उघडून बघत नाही. आणि एडिसनला जाणाऱ्यांसाठी सांगते, तिथल्या ओक ट्री रोडवर भारतीय किराण्याची दुकानं ओळीने आहेत. खोबरं, गूळ, पोहे, सगळं मिळतं. दुसऱ्या खेपेला, 2024 मध्ये, मी लाडू घरीच वळून नेले. खोबरं किसून, भाजून लाडवात गेलं होतं, त्याला कोणी हरकत घेतली नाही.

यंत्राच्या पडद्यावर माणसाला आपल्या बॅगेत काय दिसतं, हे डोळ्यांसमोर आणून बॅग भरायला मी आता शिकले आहे. मला कळतं ते इतकंच: घट्ट, दाट गोळा दिसला की ते थांबतात, आणि तारा व बॅटऱ्या त्याच्याजवळ असल्या तर नक्की थांबतात. त्यामुळे चार्जरच्या वायरी, पॉवर बँक, कानातली यंत्रं हे सगळं एका पारदर्शक पिशवीत घालून सगळ्यात वर ठेवते. खाण्याचे डबे वेगळ्या बाजूला. एकावर एक चार स्टीलचे डबे रचले की आतलं काहीच दिसत नाही आणि बॅग बाजूला काढली जाते. लाडवांसाठी प्लॅस्टिकचा पसरट डबा बरा.

पॉवर बँकेबद्दल नीट वाचा, घरोघरी हीच चूक होते. ह्यांनी ती चार्जर समजून मोठ्या बॅगेत टाकली होती. ती कायम हातातल्याच बॅगेत हवी. लिथियमची बॅटरी खाली सामानाच्या कप्प्यात पेटली तर कोणाच्या लक्षात येणार नाही. वर माणसांत पेटली तर विझवता येते. मर्यादा 100 वॉट-अवर (Wh, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). त्यावर 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. पॉवर बँकेवर बहुतेक वेळा मिलिअँपिअर-अवर (mAh) लिहिलेले असतात. त्या आकड्याला 3.7 ने गुणून हजाराने भागा. 20000 ची असेल तर 74 वॉट-अवर झाले, म्हणजे चालेल. वरचे आकडे पुसले गेले असतील तर ती घरी ठेवा, तिथे वाद घालायला आपल्या हातात काहीच नसतं.

आता पातळ पदार्थ. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं शीतपेयाच्या बाटल्यांतल्या स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला आणि त्यानंतर 100 मिलीचा नियम जगभर आला. हातातल्या बॅगेत पातळ किंवा चिकट वस्तूची प्रत्येक बाटली 100 मिलीपर्यंतची, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, झिपच्या पिशवीत. इथे लोक फसतात ते असं: तपासणारे बाटलीत किती उरलंय हे बघत नाहीत, बाटली केवढी आहे हे बघतात. दोनशे मिलीच्या बाटलीत तळाला दोन चमचे खोबरेल तेल असलं तरी ती काढून घेणार. तूप, मध, लोणचं, चिंचेचा कोळ, दही, पातळ चटणी हे सगळं पातळातच धरतात. लोणचं आणि तूप मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत, झाकणावर चिकटपट्टी लावून. पाण्याची बाटली रांगेत लागण्याआधी रिकामी करा आणि पलीकडे गेल्यावर भरून घ्या.

औषधांना यातून सवलत आहे, पण ती मागावी लागते. इन्सुलिन हातातल्याच बॅगेत ठेवा. खाली सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते. खोकल्याचं मोठ्या बाटलीतलं औषध प्रवासात खरोखर लागणार असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. चिठ्ठी इंग्रजीत असावी, औषधाचं मूळ नाव त्यात असावं आणि आपलं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच असावं. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका. मी सोमवार ते रविवार अशा कप्प्यांच्या डबीत भरल्या होत्या आणि कुठली गोळी कशाची, हे मलाच धड सांगता येईना.

पिठांचं प्रकरण फक्त अमेरिकेला जाणाऱ्यांना माहीत असायला हवं, आणि आपल्या बायकांना तर नक्कीच. 2018 च्या जूनअखेरपासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेतली साधारण 350 मिलीपेक्षा जास्त भुकटी जादा तपासतात, आणि खात्री पटली नाही तर ठेवून घेतात. 350 मिली म्हणजे शीतपेयाच्या एका कॅनएवढं. मेतकूट, भाजणी, नाचणीचं सत्त्व, गोडा मसाला, सगळं या हिशोबात येतं. माझं अर्धा किलो मेतकूट हातातल्या पिशवीत होतं. पिठं मोठ्या बॅगेत घाला आणि प्रत्येक पुडीवर इंग्रजीत लिहा, म्हणजे नाव आणि ते कशाचं केलंय हे. तिखट तर हातातल्या बॅगेत मुळीच नको. अडकित्ता, विळी, शिवणाची कात्री, नारळ खवायची खवणी, सगळं मोठ्या बॅगेत.

सामान झालं. पण मला खरं सांगायचंय ते अंगाच्या तपासणीबद्दल, कारण सामान गेलं तर दुःख चार दिवसांचं. माणसाला शरमिंदं वाटलं की ते फार दिवस राहतं.

माझा उजवा गुडघा 2019 मध्ये बदलला. आत कोबाल्ट-क्रोमियम आणि टायटॅनियम आहे. धातू ओळखणाऱ्या दारातून जाताना यंत्र वाजतं, जवानाच्या हातातलं यंत्र गुडघ्यापाशी आलं की पुन्हा वाजतं. आपल्याकडे बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करते, तिथे मला काही त्रास झाला नाही. वाटेत विमान बदलायचं होतं त्या परदेशी विमानतळावर मात्र यंत्र वाजलं, मला बाजूला उभं केलं, हे पुढे निघून गेले होते आणि मला विचारलेलं इंग्रजी समजेना. मी गुडघ्याकडे बोट दाखवत होते. समोरच्या बाईला वाटलं, मी तिथे काही बांधलंय. शेवटी मी सगळ्यांसमोर साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन टाक्यांचा व्रण दाखवला. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, वर्गात कधी पदर ढळू दिला नाही. ती पाच मिनिटं मला अजून आठवतात.

हे टाळता येतं. यंत्र वाजायच्या आधी आपण बोलायचं. दारातून जाण्यापूर्वीच, गुडघ्यावर हात ठेवून. आपल्याकडे हिंदीत: "मेरे दाहिने घुटने का ऑपरेशन हुआ है, अंदर धातु है." परदेशात तीनच शब्द: "नी रिप्लेसमेंट, मेटल." आणि आणखी एक वाक्य, जे मला त्या दिवशी यायला हवं होतं: "प्रायव्हेट रूम, प्लीज." उघड्यावर तपासणी नको असेल तर बंद खोलीत, बाईकडूनच करा असं म्हणता येतं. त्यात काही उद्धटपणा नाही. ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. मी दुसऱ्या खेपेच्या आधी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की म्हणत असे. सोबत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र ठेवा. पत्रामुळे तपासणी चुकत नाही, पण कुठे काय आहे हे समोरच्याला लगेच कळतं. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड गळ्यातल्या पाकिटात ठेवा, दारातून न थबकता चालत जा, आणि हातातलं यंत्र छातीवर धरून ठेवू नका असं सांगा.

कपड्यांचं म्हणाल तर साडी नेसा, पण सेफ्टी पिना मोजून. मी एरवी पाच लावते, प्रवासात एकच. अंबाड्यातले आकडे काढून कापडी बो बांधते. मंगळसूत्र आणि पाटल्या मला कुठे उतरवायला लावल्या नाहीत, यंत्र फिरवून बघतात. अमेरिकेतून परतताना हात वर करून उभं राहायचं यंत्र असतं. सैल कपडे आणि निऱ्यांमुळे त्यानंतरही हाताने चाचपतात, म्हणून परतीला मी पंजाबी ड्रेस घालते. तिथे बूट काढण्याचा नियम मात्र जुलै 2025 मध्ये उठला. गुडघेवाल्यांना खाली वाकण्याचा तो मोठा त्रास वाचला.

तपासणी करणाऱ्यांवर माझा राग नाही. 1999 च्या डिसेंबरात काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान अपहरण करून कंदहारला नेलं होतं, ते दिवस मी रेडिओला कान लावून काढले आहेत. त्यानंतर, 2000 पासून, आपल्या विमानतळांवर सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, जवान आले. मला फक्त एवढं वाटतं की आईवडिलांना एकटं पाठवणाऱ्या मुलांनी तिकिटाबरोबर हे सगळंही फोनवर बसून समजावून सांगावं. "काही नसतं गं आई, सगळे जातात तशी जा," एवढ्यावर सोडू नये.

रांगेत काय करायचं ते आता. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचा, व्हीलचेअर घेणार असाल तर त्याहून अर्धा-पाऊण तास आधी. व्हीलचेअर विमान कंपनीकडे दोन दिवस आधी सांगून ठेवा. तीत बसलेल्यांचीही तपासणी होतेच. रांगेत लागण्यापूर्वी एका बाकावर बसून किल्ल्या, सुटी नाणी, मोबाईल, घड्याळ सगळं पर्समध्ये घाला आणि पर्सची चेन लावा. ट्रेमध्ये सुटं काही ठेवू नका. बोर्डिंग पास हातात राहू द्या.

ट्रे लगेच ढकलू नका. बायकांची रांग हळू सरकते, पडद्याआड वेळ जातो, आणि तोवर आपली पर्स, पासपोर्टसकट, पलीकडे बेल्टच्या टोकाला पडून असते. पुढे दोन-तीनच बायका उरल्या की मग ट्रे पुढे सरकवा. आणि ट्रे मोजा. आम्ही दोघं एकमेकांना मोठ्याने सांगतो, "तीन ट्रे." पलीकडे जो आधी पोचेल त्याने तिन्ही उचलून बाजूच्या बाकावर न्यायचे आणि दुसरा येईपर्यंत तिथून हलायचं नाही. एखादा ट्रे तपासणीला बाजूला काढलाच, तर जवळ जाऊन उभं राहा, पण ते सांगेपर्यंत बॅगेला हात लावू नका.

वाटेत विमान बदलताना हे सगळं पुन्हा होतं, हे लक्षात असू द्या. पहिल्या विमानतळावर भरलेली पाण्याची बाटली दुसरीकडे ओतावी लागते. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची तर अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टमची तपासणी तिथेच उरकते, त्यामुळे मधला वेळ तीन तासांहून कमी असलेलं तिकीट काढू नका. 2024 ला आम्ही तिकडूनच गेलो. दारापाशी मी गुडघ्यावर हात ठेवला आणि माझे तीन शब्द म्हटले. तिथल्या मुलीने मान डोलावली, खुर्ची पुढे केली, मी बसल्यावर साडीवरूनच गुडघा चाचपला आणि उठताना मला हात दिला. पलीकडे हे बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी तीन बोटं वर केली.