एसडीआर शिकायचंय? टेरेसवरनं सुरू करा
एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ. त्याला मागणी का वाढतीय ते आधी बघा, हार्डवेअर तेच ठेवून नुसतं सॉफ्टवेअर बदललं की रेडिओ बदलतोय, म्हणून आर्मीपासून 5जीवाल्यांपर्यंत सगळ्यांना तेच पायजे. शिकायला महागडं काय लागत नाही. आरटीएल2832यू चिपवाला टीव्ही डोंगल (यूएसबीत लावायची कांडी) घ्या, विंडोजवर झॅडिग नावाच्या सॉफ्टवेअरनं त्याचा ड्रायव्हर बदला (हितंच निम्मी पोरं अडकतात, मीबी दोन रात्री घालवल्या), मग एफएम लावून बघा. जमलं की साधारण 6.9 सेंमीची तार अँटेना म्हणून उभी करून 1090 मेगाहर्ट्झला कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या विमानांचे सिग्नल पकडा, पण खोलीत नाही, टेरेसवर, आणि पन्हाळ्यावर गेलासा तर लईच भारी. नोकरीसाठी मात्र पुढं जीएनयू रेडिओ (एसडीआरचे प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकाच, नुसती विमानं बघणाऱ्याला कोण घेत नाही. ट्रान्समिट करायचं असलं तर आधी लायसन काढा.