तीन अणूंचं गेट बिघडतंय? या चुका टाळा

अणूंच्या क्वांटम संगणकात एकेक अणू म्हणजे एक क्यूबिट, ‘०’ आणि ‘१’ धरणारा घटक. दोन अणूंचं सीझेड गेट (दोघंही ‘१’ असतील तरच फेज, म्हणजे लहरीचा टप्पा, उलटवणारी क्रिया) एकदा जमलं, की शेजारी तिसरा अणू बसवून तोच लेसर पल्स मारायचा मोह होतो. गाडी अडते ती इथंच.

हे गेट चालतं रिडबर्ग ब्लॉकेडवर. म्हणजे एक अणू रिडबर्ग अवस्थेत (इलेक्ट्रॉन केंद्रकापासून खूप दूर) गेला, की शेजाऱ्याची पातळी सरकते आणि लेसरला तो उचलता येत नाही. पण हा शेजारधर्म अंतराच्या सहाव्या घातानं आटतो. रुबिडियमचे तीन अणू एका रांगेत आहेत आणि लगतच्या जोडीत आंतरक्रिया २४ मेगाहर्ट्झ आहे, असं धरा. टोकाच्या दोघांत ती ६४ पट कमी, म्हणजे ०.४ मेगाहर्ट्झच्याही आत! राबी वारंवारता, म्हणजे लेसर अणूला वर-खाली नेतो तो वेग, ३.५ मेगाहर्ट्झ असेल, तर ही टोकं एकमेकांना अडवतच नाहीत. एक तर पल्स हे धरूनच रचा, नाहीतर सरळ समभुज त्रिकोण करा. चार अणूंच्या चौरसातही कर्णावर ८ पट घट होतेच.

यावर हमखास सुचणारा उपाय म्हणजे मुख्य क्वांटम अंक, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या पातळीचा क्रमांक, वाढवणं. त्याच्या ११व्या घातानं आंतरक्रिया वाढते, हे खरं. पण विद्युतक्षेत्राची बाधाही ७व्या घातानं वाढते, लेसरची पकड सैल पडते, आणि काचेच्या पेटीवर साचलेला विद्युतभार रोज नवा निकाल दाखवतो. हार्वर्डचा गट २०१९ मध्ये ७०एस (क्वांटम अंक ७० असलेली पातळी) वापरत होता, टोफोली या तीन अणूंच्या गेटची अचूकता साधारण ८७ टक्क्यांवर होती. २०२३ मध्ये ते ५३एसवर उतरले, अणू जवळ आणले, पल्स नव्यानं घडवला. तेव्हा ६० अणूंवर एकाच वेळी दोन-क्यूबिट गेट ९९.५ टक्के अचूकतेपर्यंत गेलं. क्वांटम अंक खाली आणायला धीर लागतो.

लेसरचा फेज-गोंगाट आणि अणूंची ऊब तपासालच. रिडबर्गकडे नेणाऱ्या ४२० नॅनोमीटरच्या लेसर किरणानं लागणारा जादा फेज मात्र बरेच जण विसरतात, आणि दोष गेटच्या माथी मारतात.

सर्वांत फसवी चूक मोजणीतली. ‘१’मधले अणू प्रकाशानं ढकलून बाहेर काढायचे आणि उरलेले ‘०’ म्हणून मोजायचे, ही नेहमीची रीत. मग वाटेत हरवलेला अणूही ‘१’च ठरतो. त्यात रिडबर्गमध्ये अडकून राहिलेल्या अणूला एरवी अणू धरून ठेवणारा लेसरचा चिमटा पुन्हा चालू होताच दूर लोटतो, म्हणजे गेटची चूक बरोबर उत्तराचं सोंग घेऊन समोर येते. म्हणून तोच प्रयोग एकदा ढकलणी बंद ठेवून करा आणि किती अणू गायब होतात ते आधी मोजा.