पडद्यापलीकडचे टाके शिकवताना

२०२० मध्ये कोविडमुळे आधीपासून ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या आणि शिकाऊ सर्जनांच्या हातांना काम उरलं नाही. तेव्हा मी व्हिडिओ कॉलवरून टाके शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीची गाठ पाहून मी ‘छान’ म्हटलं आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला: गाठ सरकून सैल पडली होती. दुसरा फेरा पहिल्याच्या उलट घ्यायचा, तो तिने त्याच दिशेने घेतला होता. चूक माझी होती. समोर उभ्या केलेल्या फोनमधून मला तिचं कपाळ आणि बोटांची पाठ दिसत होती. दोरा कुठून कुठे जातोय ते दिसतच नव्हतं.

आता माझा पहिला तास फक्त कॅमेऱ्याला जातो. फोन विद्यार्थ्याच्या खांद्यावरून, त्याच्या नजरेच्या दिशेने टेबलाकडे रोखलेला हवा, म्हणजे त्याचा डावा हात मलाही डावीकडेच दिसतो. चौकटीत दोन्ही मनगटं आली पाहिजेत, कारण वक्र सुई मनगटाने फिरवायची असते. चेहरा नाही दिसला तरी चालतं. उजव्या हाताने काम करणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, नाहीतर नेमकी टाक्यावर हाताची सावली पडते.

शिकवण्याची पद्धत मी सर्जन रॉडनी पेटन यांच्या चार पायऱ्यांवरून घेतली. आधी शिक्षक न बोलता करून दाखवतो, मग एकेक पायरी समजावतो, नंतर विद्यार्थी सांगेल तसं शिक्षक करतो आणि शेवटी विद्यार्थी स्वतः करतो. दूरून शिकवताना तिसरी पायरी सोन्यासारखी आहे, घाईत ती गाळू नका. एकदा एकीने मला सांगितलं, “मॅडम, आता सुई आत घाला.” मी मुद्दाम तिरकी घातली. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “नव्वद अंशात म्हणायचं राहिलं.” त्यानंतर सुई कुठे पकडायची, हेही ती न विचारता सांगू लागली: टोकापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर.

असं आधी बोलून दाखवण्याचा आणखी एक फायदा आहे. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो; मी ‘थांब’ म्हणेपर्यंत सुई आरपार गेलेली असते. म्हणून विद्यार्थ्याने पुढची हालचाल आधी बोलायची आणि मगच करायची, हा माझ्याकडे नियमच आहे.

खरी अडचण मात्र स्पर्शाची. शेजारी उभी असते तेव्हा विद्यार्थ्याने किती जोर लावलाय ते मला कळतं. पडद्यावर जोर दिसत नाही. तो दिसेल अशी सोय करावी लागते. रिकाम्या हलक्या कपाच्या तळाशी आतून हूक चिकटवा आणि विद्यार्थ्याला त्या हुकाला गाठी बांधायला सांगा. बोटाने गाठ खाली नेण्याऐवजी दोरा वर ओढला की कप टेबलावरून उचलला जातो. मला काही बोलावंच लागत नाही. दुसरी युक्ती रबरी हातमोज्याची. तो स्पंजवर ताणून त्यावर टाके घाला, मग दोरा काढून हातमोजा उजेडासमोर धरा. भोक गोल आणि लहान असेल तर सुई आपल्या वळणानेच गेली. लांबट चीर दिसली तर मनगट न वळवता सुई पुढे रेटली. हा हातमोजा मी प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर धरायला लावते.

लॅपरोस्कोपीच्या, म्हणजे पोटावरच्या लहान छिद्रांतून कॅमेऱ्यात बघत करायच्या शस्त्रक्रियेच्या सरावासाठी भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत दिवा आणि कॅमेरा एवढं पुरतं. हत्यारं मात्र खरी हवीत. हात उजवीकडे गेला की टोक डावीकडे जातं, याची सवय व्हायलाच दिवस लागतात. सहा तुकडे एका हातातून दुसऱ्या हातात हवेतच द्यायचे आणि परत आणायचे, एवढंच सुरुवातीला करा.

दिवसभराची एकच कार्यशाळा ठेवायचा मोह होईल, तो टाळा. टोरांटोत ३८ रेसिडेंट डॉक्टरांवर झालेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बारीक रक्तवाहिन्या जोडायला काहींना चार आठवडे थोडं थोडं शिकवलं, बाकीच्यांना सगळं एकाच दिवसात. महिन्याभराने घेतलेल्या चाचणीत दर आठवड्याला थोडं थोडं शिकलेले सरस ठरले. मी आठवड्यातून एक तास घेते आणि मधल्या दिवसांत प्रत्येकाने दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवायचं असतं.

रक्तस्राव, सुजलेले ऊतक, मदतनिसाशी ताळमेळ यातलं काहीच घरी शिकता येत नाही, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

आणि सुया. घरात लहान मुलं असतात, कुणी अनवाणी फिरतं. तास सुरू होताना सुया मोजून कॅमेऱ्यासमोर दाखवायच्या आणि संपताना पुन्हा मोजायच्या. वापरलेली सुई जाड, झाकणाच्या डब्यात जाते, घरच्या कचऱ्यात कधीच नाही. एकदा एक सुई कमी भरली. वीस मिनिटं शोधल्यावर ती स्पंजाच्या खालच्या बाजूला रुतलेली सापडली. तोवर मी कॉल बंद केला नाही.