स्वतःचा शोक लिहिताना आणि तो इतरांच्या उपयोगी आणताना

जवळचे माणूस गेल्यानंतर जे लिहावेसे वाटते, ते सुरुवातीलाच दोन वेगळ्या वह्यांत लिहावे. पहिली वही फक्त स्वतःची असते; तिच्यात राग, अपराधीपणा, गेलेल्या माणसाविषयीची कटुतासुद्धा मोकळेपणाने येऊ द्यावी, कारण ती कोणाला दाखवायची नसते. दुसरी वाचकांसाठी असते आणि ती पहिलीतले बरेच काही गाळूनच तयार होते. पहिली टाळून थेट दुसरी हाती घेतली, तर लेखात एक तर नुसता आक्रोश उतरतो किंवा कोरडा उपदेश.

पहिल्या वहीसाठी एक साधी पद्धत जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सापडते: सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, घडलेली घटना आणि तिच्याविषयीच्या भावना एकत्र लिहायच्या. ज्यांनी असे लिहिले त्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिकच वाईट वाटले, पुढील महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. शोकाच्या बाबतीत लेखनाने प्रत्येकाला आराम पडतोच, असे पुढच्या संशोधनात दिसलेले नाही. म्हणून लिहिल्याने झोप उडत असेल, तर वही निःसंकोच बंद करावी. सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र शोक जराही ओसरत नसेल आणि रोजचे व्यवहारही होईनासे झाले असतील, तर लेखनावर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

वाचकांसाठी लिहिताना भावनेचे नाव घेण्यापेक्षा वस्तू दाखवावी. ‘घर रिकामे वाटते’ या वाक्यापेक्षा, गोळ्यांच्या अर्धवट संपलेल्या पाकिटामागे पेनाने लिहिलेले वार आणि त्यातला न फोडलेला गुरुवार अधिक काही सांगून जातो. मात्र ते पाकीट ज्यांच्याही आठवणीतले आहे, त्या भावंडांना किंवा मुलांना मजकूर आधी वाचायला द्यावा आणि त्यांनी नको म्हटलेला तपशील, कितीही उत्तम उतरलेला असला, तरी काढून टाकावा. दुःखावर त्यांचाही तेवढाच हक्क आहे.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल, तर जबाबदारी फार वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचनांनुसार पद्धत, ठिकाण आणि चिठ्ठीतला मजकूर देऊ नये, तसेच ‘अमुक एका कारणामुळे’ असे सोपे स्पष्टीकरणही देऊ नये. संकटातून सावरलेल्या माणसांच्या कथा मात्र अवश्य सांगाव्यात. अशा वृत्तांचा संबंध आत्महत्यांचे प्रमाण घटण्याशी असल्याचे ऑस्ट्रियातील संशोधकांना २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

लेखनाकडून जनजागृतीकडे जाताना ‘मानसिक आरोग्याविषयी बोलले पाहिजे’ एवढ्यावर थांबू नये, कारण असे आवाहन कोणीही नाकारत नाही आणि त्यावर कोणाला काही करावेही लागत नाही. आपल्या अनुभवात व्यवस्था नेमकी कोठे कमी पडली, ते शोधावे: रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर कोणी चौकशीचा फोन केला नाही, की कामावर परतल्यावर वरिष्ठांना काय बोलावे हेच कळले नाही? त्यातली एकच उणीव घेऊन, ती दूर करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्यापुढे ठोस मागणी ठेवावी. अनुभव एका परिच्छेदात आणि मागणी एका वाक्यात मावली, तर ती वाचली जाण्याची शक्यता वाढते.

लेख प्रसिद्ध झाल्यावर अनोळखी लोक आपले दुःख कळवू लागतात. सगळ्यांना उत्तर देणे शक्य नसते, आणि आपण समुपदेशक नाही, हे आधीच स्पष्ट लिहावे. पण कोणी जगणे नको झाल्याचे कळवले, तर आत्महत्येचा विचार मनात आहे का, हे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही. गुप्ततेचे वचन देऊ नये, त्या व्यक्तीजवळ आत्ता कोण आहे हे विचारून घ्यावे आणि मदतवाहिनीचा क्रमांक द्यावा. तो क्रमांक चालू असल्याची खात्री लेख प्रसिद्ध करण्यापूर्वीच स्वतः फोन लावून करून घ्यावी.