आजोबांच्या ट्रंकेत नाटकवाल्यांची जुनी पत्रं सापडली तर काय करायचं

कोल्हापुरात जुन्या वाड्यांत अशी पत्रं अजून निघतात, नट, समीक्षक, कंपनीचे मॅनेजर एकमेकांना लिहायचे ती. पहिलं म्हणजे लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेपला हात लावू नका, आमच्या घरी एका कार्डाला कुणीतरी टेप लावलेली, ती पिवळी पडून खालची शाईच गेली, अजून वाईट वाटतं.

हात धुवून कोरडे करा, पत्राचा मोबाईलवर खिडकीच्या उजेडात फोटो घ्या, फ्लॅश नको, दोन्ही बाजू आणि पाकीटसुद्धा. पाकिटं लोक टाकून देतात पण तारीख बऱ्याचदा पोस्टाच्या शिक्क्यावरच असते.

तारीख लावायला खरी मजा येते. शके लिहिलं असेल तर ७८ मिळवा, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या पत्राला ७९. म्हणजे शके १८४३ च्या आषाढातलं पत्र १९२१ चं, त्याच जुलैत केशवराव भोसले आणि बालगंधर्व या गायक-नटांचा संयुक्त ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग झाला आणि ऑक्टोबरात केशवराव गेले, त्यामुळे पत्रात त्यांची तब्येत विचारली असेल तर ते त्याआधीचं. पॅलेस थिएटरचा उल्लेख असेल तर १९१५ नंतरचं धरा, शाहू महाराजांनी बांधलेलं तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४ ला आग लागली तेव्हा आख्खं गाव रडलं.

मोडी असेल तर अंदाजानं वाचू नका, जाणकाराला दाखवा. पत्रावर पेननं काही लिहू नका, नंबर टाकायचाच तर कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं, आणि पावसाळ्याआधी ट्रंक भिंतीपासून लांब सरकवा.