ओश ते खोरोग: पामीर हायवेवर मोटरसायकल नेताना

किर्गिझस्तानातल्या ओशहून ताजिकिस्तानातल्या दुशान्बेला जाणारा एम-४१ रस्ता म्हणजे पामीर हायवे. मोसम जून ते सप्टेंबर. भारतातून स्वतःची गाडी न्यायची तर कार्ने (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचं कस्टम्सचं कागदपत्र), विमानभाडं आणि कस्टम्स यांत बजेट संपतं. त्यामुळे ओश किंवा बिश्केकला २५० सीसीच्या आसपासची हलकी ऑफरोड गाडी भाड्याने घ्यावी. खडीत आडवी झालेली दोनशे किलोची गाडी ४,००० मीटरवर एकट्याने उचलताना धाप लागते.

कागद आधी. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या, ते वर्षभर चालतं. लायसन्सवर गिअरची मोटरसायकल नोंदलेली आहे का ते पाहा. ताजिकिस्तानच्या व्हिसासोबत गोर्नो-बदख्शानचा (हा रस्ता ज्यातून जातो त्या ताजिक प्रांताचा) वेगळा परवाना लागतो, त्याशिवाय चौकीवरून परत पाठवतात. गाडी देशाबाहेर नेण्याचं संमतिपत्र मालकाकडून रशियन भाषेत, मूळ प्रतीत घ्या. या दोन देशांमधली सीमा २०२१च्या चकमकींनंतर बंद होती आणि मार्च २०२५च्या करारानंतर उघडली. या सीमेवरची किझिल-आर्टची चौकी परदेशी प्रवाशांना सोडते आहे ना, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. दोन्ही देशांच्या चौक्यांच्या मधे सुमारे २० किलोमीटरचा निर्मनुष्य पट्टा आहे. ताजिक व्हिसा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी किर्गिझ शिक्का मारून निघालात, तर त्या पट्ट्यात अडकाल.

आता उंची. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. ओश साधारण ९६० मीटरवर, सीमेआधीचं सारी-ताश गाव ३,१७० वर. पुढे किझिल-आर्ट खिंड ४,२८०, काराकुल सरोवर ३,९००, आक-बैताल खिंड ४,६५५ आणि मुरगाब ३,६०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे आक-बैताल जवळजवळ तीन कळसूबाई. काराकुल सुंदर आहे, पण ते दोन खिंडींच्या मधे खोलगटात आहे. रात्री त्रास वाढला तर खाली उतरण्यासाठी कुठल्याही बाजूने आधी वर चढावं लागतं. म्हणून सारी-ताशला दोन रात्री काढा, तिसऱ्या दिवशी पहाटे निघून सुमारे २३५ किलोमीटर एका दमात करा आणि मुरगाबला झोपा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि चढाईच्या आदल्या दिवसापासून. डोकेदुखीसोबत उलट्या होऊ लागल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर त्या दिवशी गाडी चालवू नका. दुसऱ्या वाहनाने खाली जा.

उंचीचा परिणाम गाडीवरही होतो. ४,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे ताकद जवळपास चाळीस टक्के कमी मिळते. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोल आपोआप कमी करते. कार्बुरेटरची गाडी काळा धूर सोडते आणि प्लग काजळतो. तिच्यासाठी एक लहान मेन जेट (कार्बुरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग) आणि दोन प्लग सोबत ठेवा. टायरचं उलटं असतं. ओशला भरलेली हवा वर गेजवर ४ पीएसआयपर्यंत जास्त दाखवते, टायर कडक होतो आणि खडीत घसरतो. वर चढल्यावर थंड टायरमध्ये पुढे-मागे २४–२६ ठेवा. पण खोरोगकडे (सुमारे २,१०० मीटर) उतरताना तीच हवा कमी पडते आणि दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते. उतरल्यावर पुन्हा भरा. पंप, दोन ट्यूब आणि टायर उचकटायचे तीन लिव्हर, एवढं हवंच.

पेट्रोल: मुरगाब ते खोरोग सुमारे ३१० किलोमीटर आहे आणि मधल्या अलिचुरला मिळेलच असं नाही. लिटरला २५ धरा, म्हणजे १३ लिटर, वर दोन लिटर राखीव. टाकी लहान असेल तर पाच लिटरचा कॅन घ्या. वर चढल्यावर तो फुगतो, झाकण हळू उघडा. मुरगाबला बादलीने, कमी ऑक्टेनचं पेट्रोल मिळू शकतं. दहा मिनिटं स्थिर ठेवून तळाचं पाणी-गाळ टाकून द्या आणि बारीक कापडातून गाळून ओता. चढावर इंजिन टकटक करू लागलं तर वरच्या गिअरमध्ये ओढू नका, गिअर उतरवा.

ओढे सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. आधी चालत जाऊन पाहा, गुडघ्याच्या वर पाणी असेल तर थांबा. इंजिनात पाणी गेलं तर सेल्फ मारू नका. प्लग काढा, एअर फिल्टर पिळा आणि प्लगच्या भोकातून पाणी येणं थांबेपर्यंत किक किंवा सेल्फ द्या. ऑइल दुधाळ दिसलं तर बदलल्याशिवाय पुढे नेऊ नका.

दोन्ही देशांत वाहनं उजवीकडून चालतात. गर्दीत हे लक्षात राहतं. चहा पिऊन रिकाम्या रस्त्यावर निघताना हात आपोआप डावीकडे वळतो, आणि समोरासमोरची धडक तिथेच होते. टाकीवर उजवीकडचा बाण चिकटवा, आणि गाडी नेहमी रस्त्याच्या उजव्या कडेलाच उभी करा.

खोरोगनंतर पंज नदीच्या पलीकडे अफगाणिस्तान दिसतं. या सीमेवर भूसुरुंग आहेत. फोटोसाठी किंवा तंबूसाठी रस्ता सोडून काठावर उतरू नका.